पहिला कंटेनर, साइट एलसी आणि आमची बँकेची शाखा : पाचपैकी साडेतीन तारे

कुडाळ एमआयडीसीत माझं काजूचं छोटं युनिट आहे. पाऊस लागला की गावची बी संपते आणि कटिंगच्या बायकांना काय काम द्यायचं हा प्रश्न पडतो. इतकी वर्षं मंगळूरच्या व्यापाऱ्याकडून आफ्रिकन बी घेत होते. यंदा म्हटलं, थेट मागवून बघू. आयव्हरी कोस्ट, अबिजान बंदर, वीस फुटी एक कंटेनर, १६ टन, टनाला १,३५० डॉलर. एकूण २१,६०० डॉलर.

सप्लायर नवीन. व्हॉट्सॲपवर पोत्यांच्या थप्प्यांचे व्हिडिओ, प्रत्येक मेसेजला ‘सिस्टर’. त्याला ३० टक्के, म्हणजे ६,४८० डॉलर, टीटीने (बँकेतून थेट खात्यात) आधी हवे होते, बाकी मालाचे कागद आल्यावर. प्रोफॉर्मावर (आधी पाठवतात त्या कच्च्या बिलावर) कंपनी अबिजानची, पण बँक खातं तिसऱ्याच देशातलं आणि वेगळ्याच नावाचं. विचारलं तर म्हणाला, आमचीच ग्रुप कंपनी. मिस्टर शेजारी बसून ऐकत होते. म्हणाले, “एकदा गेले काय गेले. थंय जावन कोणाक शोधतलंस?”

शोधायचं कोणाला हे आमच्याच लाइनीतल्या एकाला अजून कळलेलं नाही. त्याचा सप्लायर खरा होता, पण मधेच ‘ऑडिटमुळे आमचं खातं बदललंय’ असा मेल आला. पत्ता तोच दिसत होता. फक्त इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ चिकटवून लिहिलेले. मोबाइलवर कुणाच्या लक्षात येणार? पैसे गेले. सप्लायर आपला पैशांची वाटच बघत बसलेला.

तर मी साइट एलसीवर (लेटर ऑफ क्रेडिट) अडून बसले. म्हणजे पैशांची हमी माझी बँक देते आणि ठरलेले कागद बरोबर आले की लगेच पैसे सोडते, आधी नाही. दोन आठवडे तो कुरकुरला, मग तयार झाला. जो अजिबातच तयार होत नाही त्याच्याकडून पहिली ऑर्डर घेऊच नये, हे माझं मत.

आता एलसीबद्दल एक गोष्ट, जी मला बँकेत कुणीच सांगितली नाही. एलसी केली म्हणजे माल चांगलाच येणार असं अजिबात नाही. बँक बी बघत नाही, कागद बघते. एलसी ज्या नियमांवर चालते त्या यूसीपी ६०० मध्ये हे स्पष्ट लिहिलंय. कागद बरोबर असतील तर पोत्यात खडे असले तरी पैसे जाणार. म्हणून आपल्याला जे हवंय ते कागदातच मागायचं. मी फायटोसॅनिटरी (कीड-रोग नसल्याचं), फ्युमिगेशन (धुरी दिल्याचं) आणि ओरिजिन (माल कुठल्या देशाचा) सर्टिफिकेटसोबत, मी नाव दिलेल्या तपासणी एजन्सीचं लोडिंगच्या वेळचं सर्टिफिकेट मागितलं. त्यात आउटटर्न (८० किलो बीमागे निघणारा गर) किमान ४७ पौंड, ओलावा १० टक्क्यांच्या आत आणि काउंट, म्हणजे किलोत बसणाऱ्या बिया, १९५ पेक्षा जास्त नको. बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) माझ्या बँकेच्या ऑर्डरवर, म्हणजे बँकेने सही केल्याशिवाय कंटेनर कुणाला सुटणार नाही. भारताबाहेरचे बँक चार्जेस सप्लायरकडे. हे शेवटचं लिहायला विसरलात तर बिल तुमच्या नावावर फाटतं.

शाखेचे तारे इथून कापले. ‘एलसी’ म्हटल्यावर काउंटरवरच्या मॅडमनी आधी एलआयसीचा फॉर्म काढला. (खोटं वाटेल, पण खरं आहे.) फाइल मुंबईला गेली, तिथून चार वेळा परत आली. दोनदा तर फक्त शिक्का अस्पष्ट म्हणून. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड नंबर, काढायला इतका त्रास झाला नव्हता. तो डीजीएफटीच्या (केंद्राचं परदेशी व्यापाराचं खातं) साइटवर ५०० रुपयांत निघाला आणि नंबर म्हणजे आपला पॅनच. पहिली एलसी म्हणून शंभर टक्के मार्जिन, म्हणजे पूर्ण रकमेची एफडी बँकेकडे अडकली. कमिशन, स्विफ्ट (बँकांमधले मेसेज), कागद तपासणी आणि जीएसटी धरून १४ हजारांच्या आसपास गेले. एवढं मी समजून घेतलं.

डॉलरचा भाव मात्र नाही. शाखेने गुपचूप कार्ड रेट, म्हणजे बँकेचा छापील चढा भाव, लावला होता. मी बँकेच्या मुंबईच्या डॉलर डेस्कला फोन करून विचारल्यावर डॉलरमागे ४० पैसे उतरले, म्हणजे सरळ साडेआठ हजार रुपये. एका फोनचे! रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने २०१९ पासून एफएक्स-रिटेल नावाचा प्लॅटफॉर्म आहे, तिथे आपल्यासारख्यांना डॉलरचा चालू भाव दिसतो. शाखेत विचारलं तर साहेब म्हणाले, “तुम्हीच बघा आणि मला पण सांगा.”

पण पद्धतीचे तारे कसे वसूल झाले बघा. कागद आले. तपासायला बँकेला पाच कामकाजाचे दिवस असतात, चौथ्या दिवशी फोन आला, “मॅडम, डिस्क्रिपन्सी आहे.” म्हणजे कागद एलसीशी जुळत नाहीत. सर्टिफिकेटवर काउंट २०१. सहा बियांचा फरक. पण काउंट वाढला म्हणजे बी बारीक, गर बारीक, भाव कमी. (आपली वेंगुर्ला-७ किलोला शंभराच्या आसपास बसते, ती सवय असलेल्याला आफ्रिकन बी वाटाण्यासारखीच दिसते.) आता मी ‘चालेल’ म्हटल्याशिवाय बँक पैसे सोडणार नव्हती आणि सप्लायरचा माल निम्म्या वाटेवर. टीटीने पैसे दिले असते तर त्याने माझा फोनही उचलला नसता. त्या दिवशी त्याचेच सात कॉल आले. टनाला ३० डॉलर कमी करून घेतले, ४८० डॉलर सुटले आणि २१,१२० वर बिल मिटलं. एलसीचा खर्च भरून वर थोडे उरले.

कंटेनर भर पावसात न्हावाशेव्याहून आला. दहा-बारा पोत्यांत बांबू खुपसून नमुना काढला, एकत्र केला, त्यातली किलोभर बी टेबलावर ओतली. मोजली, २०३. एकेक कापली. चांगला गर २६२ ग्रॅम. डागी १४, तो निम्मा धरतात, म्हणजे ७. एकूण २६९, गुणिले ०.१७६३७, म्हणजे ८० किलोच्या पोत्यामागे ४७.४ पौंड. सर्टिफिकेटवर ४७.८ होते. एवढा फरक समुद्रात पडतोच. कटिंगमधल्या काकी गर चावून म्हणाल्या, “बरो आसा, पन आमच्यासारो गोड नाय.”

बिल ऑफ एंट्री (कस्टम्समधला आयातीचा कागद) बँकेत नेऊन द्यायला विसरू नका. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या सिस्टिममध्ये तुमची आयात उघडीच राहते आणि पुढच्या वेळी फाइल तिथेच अडते.

काल त्याचा मेसेज आलाय, “सिस्टर, सेकंड कंटेनर?” एलसीला आता काही म्हणत नाही, पण काउंट २०५ करून मागतोय. मी ड्राफ्ट पाठवलाय, १९५ च ठेवून.