आर्काइव्ह: साडेचार तारे, अर्धा स्वतःच्या लाजेपायी कापला

मी सैद्धांतिक विश्वरचनाशास्त्रात काम करते. दुर्बीण नाही, प्रयोगशाळा नाही. फळा, लॅपटॉप आणि आर्काइव्ह, एवढ्यावर आमचं दुकान चालतं. पीएचडीच्या पहिल्या वर्षापासून मी रोज उठल्या उठल्या त्या दिवसाची यादी उघडते, दात घासायच्या आधी. एवढ्या वर्षांत तिच्याबद्दल चार ओळी लिहिल्या नाहीत, म्हणून आज लिहितेय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: जर्नलमध्ये छापून यायच्या आधी, बरेचदा जर्नलकडे पाठवायच्याही आधी, पेपर जिथे टाकतात ती ही जागा. टाकायला पैसे नाहीत, वाचायलाही नाहीत. पॉल गिन्सपर्ग यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये लॉस अलामोसला हे सुरू केलं, तेव्हा फक्त आमच्याच जातकुळीचे, म्हणजे उच्च ऊर्जा सिद्धांताचे पेपर येत आणि सगळा कारभार ईमेलवर चाले. २००१ मध्ये ते कॉर्नेल विद्यापीठाकडे गेलं. आता गणित, संगणकशास्त्र, सगळेच तिथे येतात आणि महिन्याला वीस हजारांवर पेपर पडतात. ‘arXiv’ या नावातला एक्स हा खरं तर ‘काय’ हे ग्रीक अक्षर आहे, म्हणून उच्चार आर्काइव्ह. सेमिनारमध्ये कुणी ‘आर्क्सिव्ह’ म्हणालं की पोरगं नवीन आहे हे कळतं. मीही म्हणाले होते.

विषयवार खण आहेत, माझा मुक्काम तीन खणांत: कणभौतिकीचा हेप-पीएच, गुरुत्वाचा जीआर-क्यूसी आणि विश्वरचनेचा अॅस्ट्रो-सीओ. उच्च ऊर्जा सिद्धांताच्या हेप-टीएचमध्ये डोकावते, पण तिथल्या अर्ध्या शीर्षकांपुढे मान डोलावून पुढे जाते.

आता वेळापत्रक, कारण सगळी गंमत तिथे आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे सोमवार ते शुक्रवार दुपारी दोनपर्यंत आलेले पेपर त्या खेपेत धरतात आणि यादी रात्री आठला लागते. शुक्रवारी आणि शनिवारी यादी नाही. यादीतला क्रम पेपर ज्या क्रमाने आले त्याप्रमाणे. म्हणजे दोन वाजून काही सेकंदांनी ज्याने बटण दाबलं, तो पुढच्या यादीत सगळ्यात वर. वर असलेल्या पेपरांना पुढे सायटेशन्सही, म्हणजे इतरांच्या पेपरांत उल्लेखही, जास्त मिळतात, हे खुद्द गिन्सपर्ग यांनीच २००९ च्या एका पेपरात सहलेखक म्हणून दाखवलं. त्यात काही वाटा चांगला पेपर मुद्दाम वर टाकण्याचा, काही नुसता नजरेत भरण्याचा. विश्वाच्या पहिल्या सेकंदाच्या कितव्याशा अंशावर लिहिणारी माणसं घड्याळाच्या काट्याकडे डोळे लावून बसतात, हे बघायला मजा येते. मी एकदा बसले होते. तिसरी आले. वरचे दोघे कुठे बसले होते कोण जाणे.

क्रमांकाची पद्धत मला मनापासून आवडते. हुआन माल्दासेना यांचा प्रसिद्ध पेपर घ्या, हेप-टीएच/९७११२००. सत्त्याण्णव साल, अकरावा महिना, त्या महिन्यातला दोनशेवा. गुरुत्व असलेला एक सिद्धांत आणि एक मिती कमी असलेला, गुरुत्व नसलेला क्वांटम सिद्धांत हे एकच आहेत, असं सुचवणारा तो पेपर. पुढच्या फेब्रुवारीत त्याच खणात गब्सर, क्लेबानोव्ह, पोल्याकोव्ह यांचा पेपर आला आणि त्याच महिन्यात विटेन यांचा: ते नातं नेमकं कसं वापरायचं, याची रीत दोघांनी सांगितली. तीन महिन्यांच्या आत! जर्नलच्या हिशोबात एवढ्यात धड रेफरीचं पत्रसुद्धा येत नाही. एप्रिल २००७ पासून क्रमांकातून खणाचं नाव गेलं, सगळे एका माळेचे मणी झाले. मला जुनं बरं वाटायचं.

हाच वेग दुसऱ्या बाजूनेही चालतो. १५ डिसेंबर २०१५ ला सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या अॅटलास आणि सीएमएस या दोन्ही गटांनी दोन फोटॉनांच्या मोजमापात ७५० जीईव्ही (ऊर्जेचं एकक) जवळ एक उंचवटा दाखवला, म्हणजे कदाचित नवा कण. पुराव्यात जोर नव्हता, पण दोन्हीकडे दिसला म्हणून सगळे पेटले. त्याच आठवड्यात स्पष्टीकरणांची रांग लागली, बघता बघता शेकडो पेपर झाले. आमच्यात याला अॅम्ब्युलन्स चेसिंग म्हणतात, अॅम्ब्युलन्स दिसली की तिच्यामागे धावत सुटणं. ऑगस्ट २०१६ पर्यंत जास्त डेटा आला आणि उंचवटा विरघळला. ते पेपर आजही जागच्या जागी आहेत, क्रमांकासकट. काहींना ही आर्काइव्हची अब्रू गेल्यासारखी वाटते. मला नाही वाटत. इथले मॉडरेटर लेखन संशोधनाच्या स्वरूपाचं आहे का, योग्य खणात आहे का, एवढंच बघतात; उत्तर बरोबर की चूक हे तपासणं त्यांचं काम नाहीच. फलकावर लावलेला कागद म्हणजे निकाल नव्हे, एवढी अक्कल वाचणाऱ्याकडे हवी.

यादीच्या तळाशी ‘बदललेले’ पेपर असतात. नवख्यांनो, तो भाग वाचत जा. ‘दुसरी आवृत्ती: संदर्भ वाढवले, मुद्रणदोष सुधारले’ याचा अर्थ, पेपर लागल्यावर दोन दिवसांत कुणाचं तरी अतिशय सौम्य ईमेल आलं, ‘आपला पेपर रस घेऊन वाचला, आमच्या पुढील कामाकडे लक्ष वेधू इच्छितो.’ जुन्या आवृत्त्या काढून टाकता येत नाहीत. पेपर मागे घेतला तरी आधीची आवृत्ती राहते.

आता अर्ध्या ताऱ्याकडे.

आम्ही पेपर टेक नावाच्या अक्षरजुळणीच्या प्रणालीत लिहितो; आर्काइव्ह त्याची मूळ फाइल मागतं, आणि ती फाइल जगाला उतरवून घेता येते. टक्क्याच्या खुणेपुढे लिहिलेलं पीडीएफमध्ये दिसत नाही, पण मूळ फाइलमध्ये शाबूत असतं. हे मला माहीत होतं. माझा पेपर होता आद्य विश्वातल्या अवस्थांतरावर: नव्या अवस्थेचे बुडबुडे फुगतात, एकमेकांवर आदळतात, त्यातून गुरुत्वीय लहरी निघतात. शेवटच्या रात्री एका समीकरणात २ चा गुणक आला, तो कुठून आला ते आठवेना. मी टक्क्यापुढे रोमन अक्षरांत, पण मराठीत लिहून ठेवलं, ‘हा दोन कुठून आला देव जाणे, उद्या बघ.’ उद्या बघितलं नाही. अपलोड केलं. मराठीत आहे, कुणाला कळतंय, असंही वाटलं असेल.

चौथ्या दिवशी ईमेल. अनोळखी माणूस, मजकूर चक्क मराठीत. ‘देवाला कशाला त्रास? परिशिष्टात दोन ध्रुवीकरणांची बेरीज आधीच धरली आहे, तीच तुम्ही पुन्हा धरलीत.’ ध्रुवीकरणं म्हणजे लहरीच्या डोलण्याच्या दोन तऱ्हा. खाली हाताने केलेल्या आकडेमोडीचा फोटो, नीटनेटका. त्याचं बरोबर होतं. ऊर्जेच्या घनतेच्या सूत्रात विक्षोभाच्या सगळ्या घटकांची बेरीज घेतली की दोन्ही ध्रुवीकरणं आपोआप आत येतात. माझा वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेला लहरी किती जोरदार याचा आलेख, अर्ध्यावर आला. लॉग आलेखात वक्र जेमतेम बोटभर खाली सरकतो, पण तो लिसा या अंतराळातल्या नियोजित गुरुत्वीय लहरी शोधकाच्या संवेदनक्षमतेच्या रेषेला वरून टेकलेला होता, आता खालून टेकला. सारांशातलं ‘दिसेल’ हे ‘कदाचित दिसेल’ झालं.

दोष आर्काइव्हचा नाही हे मान्य. तरी तारा अर्धा कापलाच. दुसऱ्या आवृत्तीत मी ‘एक गुणक दुरुस्त केला’ असं लिहिलं, त्या गृहस्थांचे आभार मानले आणि टक्क्यापुढचं सगळं पुसून काढलं. पहिल्या आवृत्तीत देव अजून तिथेच आहे.