शहापूरचं सुताचं दुकान: बॉबिन लेस करणाऱ्यांनी जावंच असं

बॉबिन लेस म्हणजे उशीवर टाचण्या टोचून, छोट्या बॉबिनांवर गुंडाळलेले धागे एकमेकांत गुंफून केलेली लेस. तिच्यासाठी धागा कुठून घेता, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं: बेळगावात शहापूर. खडे बाजाराच्या बाजूला आतल्या गल्लीत विणकरांना सूत पुरवणारं एक जुनं दुकान आहे. तिथे क्रोशाचे गोळे मिळत नाहीत, भरतकामाचे रेशीमही नाही. पण 2/40, 2/80, 2/120 असं मर्सराइज्ड, म्हणजे प्रक्रिया करून चमक आणलेलं सूत मिळतं, आणि लेसच्या पॅटर्नवर 80/2 लिहिलेलं असतं ते हेच 2/80.

सुताचा काउंट म्हणजे एका पौंडात 840 यार्डांच्या किती लड्या भरतात तो आकडा. आकडा वाढला की सूत बारीक. 2/80 म्हणजे 80 काउंटचे दोन पदर एकत्र पिळलेले, हजार मीटरचं वजन साधारण 15 ग्रॅम. क्रोशाच्या 40 नंबरचा याच्याशी संबंध नाही. तो धागा 2/40 पेक्षा कितीतरी जाड. लिननची लडी तर 300 यार्डांची धरतात, म्हणून 60 नंबरचं लिनन त्याच नंबरच्या सुती धाग्याच्या पावणेतीन पट वजनाचं निघतं. नुसता नंबर बघून धागा मागवणाऱ्यांची फसगत होते ती इथेच.

म्हणून मला हे दुकान आवडतं. इथे धागा हातात घेऊन बघू देतात. "काका, वेढे घालून बघू का?" म्हटलं की कोनवरून, म्हणजे शंकूसारख्या रिळावरून, दोन-तीन मीटर धागा तोडून देतात, गल्ल्यावरची पट्टीही पुढे करतात. पट्टीवर शेजारी शेजारी वेढे घालायचे, एकावर एक चढू द्यायचे नाहीत, मधे फट ठेवायची नाही, आणि धागा ओढून ताणायचा नाही. एका सेंटीमीटरात किती वेढे बसले ते भिंगातून मोजायचं. पॅटर्नला सांगितलेल्या धाग्याचे वेढे तेवढेच येत असतील तर हा बिनधास्त घ्या, नाव कुठलंही असो. माझ्या पर्समध्ये अशा वेढ्यांची कार्डं कायम असतात. मागे विणकर उभे असले तरी काका घाई करत नाहीत. त्यांच्याशी कानडीत हिशेब चालू ठेवून माझ्याशी मराठीत बोलतात.

धागा जाड पडला तर कापडी टाक्यात, म्हणजे लेसच्या कापडासारख्या विणलेल्या भागात, दाटी होते, टाचण्या काढल्यावर लेस फुगून वर येते. बारीक पडला तर टाचण्यांची भोकं तशीच दिसतात आणि लेस लुळी पडते. पॅटर्न झेरॉक्सवर मोठा केलात तर धागाही बदला. ए-फोरचा ए-थ्री केला की लांबी 141 टक्के होते. धाग्याची जाडीही तेवढीच वाढायला हवी, म्हणजे तेवढ्याच लांबीच्या धाग्याचं वजन दुप्पट. 2/80 चा पॅटर्न असेल तर सरळ 2/40 घ्या.

उणिवा आहेत. पांढरं सूत कमी, साडीचे रंग जास्त. गडद लाल आणि हिरवं घ्याल तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून बघा, रंग सोडतं का ते कळेल. लडी घेतलीत तर उकलायला दुसरं माणूस लागेल, त्यापेक्षा कोन मागा. थोडंसं सूत हवं असेल तर दुपारी जा, सकाळी विणकरांचीच गर्दी असते.