विकिपीडियावरचा 'जाहिरात' टॅग : वापरून बघितला, कसा आहे सांगते

इंग्रजी विकिपीडियावर एखादं पान जाहिरातीसारखं वाटलं की त्याच्या डोक्यावर केशरी पट्टीची सूचना, म्हणजेच 'जाहिरात' टॅग, लावता येते, ही सोय मी बरेच महिने वापरतेय. माझ्याकडून ५ पैकी ४ स्टार.

लावायला खरंच सोपं आहे. अकाउंट चार दिवस जुनं आणि दहा एडिट झालेले असले की ट्विंकल नावाचं गॅजेट (विकिपीडियातच मिळणारं संपादनाचं जादा साधन) चालू करता येतं, मग मेनूतून टॅग निवडायचा, झालं. टॅगवर चालू महिना आपोआप पडतो आणि पान त्या महिन्याच्या यादीत जातं, त्यामुळे साफसफाई करणाऱ्यांना ते सापडतं. नुसतीच जाहिरात असलेल्या पानासाठी मात्र हा टॅग नाही, तिथे सरळ जी-११ खाली, म्हणजे उघड जाहिरात झटपट उडवायच्या नियमाखाली, डिलीट करायची विनंती टाकायची.

पण नुसता टॅग लावून निघून जाऊ नका हां, ही चूक मी केलीय. एका कोचिंग क्लासच्या पानावर 'अग्रगण्य', 'जागतिक दर्जाचे', 'हजारोंचं आयुष्य घडवणारे' असलं सगळं आणि संदर्भ काय तर त्यांचीच वेबसाइट, मी टॅग लावला आणि दुसऱ्या दिवशी एका नव्याकोऱ्या अकाउंटने तो काढला, ज्याचे सगळे एडिट त्याच एका पानावर होते. मग मी त्या लेखाच्या चर्चा पानावर (संपादक आपापसात बोलतात ते पान) एकेक वाक्य घेऊन काय खटकतंय ते लिहिलं, टॅग परत लावला, आणि मग एका जुन्या संपादकाने येऊन अर्धं पान छाटलं. कारण लिहिलेलं असलं की दुसऱ्याला काम करता येतं.

एवढा खटाटोप कशाला असं घरी विचारतात. २०१५ चं ऑरेंजमूडी प्रकरण बघा, पैसे घेऊन गुपचूप लेख लिहिणाऱ्या एका टोळीची विकिपीडियावरची ३८१ अकाउंट ब्लॉक झाली आणि २१० लेख उडाले. ही टोळी छोट्या धंदेवाल्यांना आणि कलाकारांना गाठायची, पान छापून देतो म्हणून पैसे घ्यायची आणि वर ते पान सांभाळायचे दरमहा वेगळे मागायची. म्हणजे वाचक तर फसलाच, पैसे देणाराही फसला, मला त्याचंच जास्त वाईट वाटतं. पैसे घेऊन लिहिणाऱ्याने ते जाहीर करायचं ही अट जून २०१४ पासून वापराच्या अटींतच आहे, कुणी 'पेज करून देतो' म्हणाला तर आधी हे विचारा.

एक स्टार कापला तो अशासाठी की टॅग वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. यादी वाढत जाते, हात कमी पडतात, आणि मोबाइलवर तर ती सूचना इतकी आखूड दिसते की वाचणारा सरळ खाली जातो. म्हणून हल्ली एखाददुसरंच वाक्य फुगवलेलं असेल तर मी टॅगच लावत नाही, ते विशेषण उडवते आणि एडिट समरीत (बदलासोबत लिहायच्या छोट्या नोंदीत) कारण टाकते, दोन मिनिटांचं काम आहे.