अपराइट बास घुमतोय: ईक्यू लावू की कॉम्प्रेसर?

रेकॉर्ड केलेला अपराइट बास (उभा धरून वाजवायचं, खोल स्वरांचं मोठं तंतुवाद्य) मिक्समध्ये, म्हणजे बाकी वाद्यांच्या आवाजात मिसळायला, घेतला की बहुतेक वेळा तक्रार एकच असते: काही स्वर अंगावर येतात, काही गायब होतात. मग हात आपोआप कॉम्प्रेसरकडे, म्हणजे मोठे आवाज दाबून पातळी सारखी करणाऱ्या साधनाकडे, जातो. माझाही कित्येक वर्षं जायचा. आता मी आधी ट्रॅक एकटा वाजवतो आणि एवढंच ऐकतो, की वाढलेला आवाज स्वराबरोबर येतोय की हाताबरोबर.

हळू छेडला काय आणि जोरात छेडला काय, दर वेळी तोच ए (A हा स्वर) घुमत असेल, तर दोष वाद्याच्या पेटीचा, खोलीचा किंवा माइकच्या जागेचा. तिथे ईक्यू, म्हणजे आवाजातल्या ठरावीक हर्ट्झचा भाग कमी-जास्त करणारं साधन. उलट तोच स्वर एका मात्रेला दणकट आणि पुढच्या मात्रेला मलूल येत असेल, तर तो बोटांचा मामला. तिथे कॉम्प्रेसर.

आधी पेटीचं बघू, कारण घोळ तिथेच जास्त होतो. बासच्या पेटीचा एक ठळक अनुनाद (जिथे पेटी स्वतःच जास्त घुमते) साधारण १०० ते ११० हर्ट्झच्या आसपास असतो. बोट न दाबलेली मोकळी ‘जी’ (G) तार ९८ हर्ट्झची, तिच्यावरचा ए ११० चा, म्हणजे दोन्ही नेमके त्याच्या तावडीत. इथे कॉम्प्रेसर लावलात तर तो घुमणारा स्वर दाबतो खरा, पण त्याच्याबरोबर तारेचा टणत्कार, बोटाची घासट, लाकडाचा पोत हे सगळंच दाबतो. स्वर घुमतो तसाच, फक्त दोन पावलं मागे जाऊन घुमतो. ईक्यूने ११० वर अरुंद काप घेऊन ४-५ डेसिबल उतरवले तर वरचं सगळं शाबूत राहतं.

पण या कापाचा हिशेब दुसरीकडे चुकवावा लागतो. खालचा ए ५५ हर्ट्झचा, त्याचा दुसरा हार्मोनिक (मूळ स्वराच्या दुप्पट हर्ट्झचा उपस्वर) ११० वरच येतो. इतक्या खालचा मूळ स्वर पेटी फारसा बाहेर फेकत नाही, त्यामुळे खालचा ए आपल्याला कळतो तो बराचसा त्या ११० मुळेच. मी एकदा रात्री ८ डेसिबलचा काप घेऊन खुशीत झोपलो होतो. सकाळी ऐकलं तर गाण्याचा शेवटचा स्वर, खालचा ए, नुसता फुसका.

अशा ठिकाणी डायनॅमिक ईक्यू दोघांच्याही वरचढ ठरतो. ११० वरचा आवाज ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तरच तो काप घेतो, एरवी हात लावत नाही. आणि गाण्यात असे स्वर तीन-चारच असतील तर सगळं सोडा, फेडरचं ऑटोमेशन लिहा, म्हणजे त्या स्वरांपुरता आवाज आपोआप उतरेल अशी नोंद करा. पाच मिनिटांचं काम आहे, पण का कोण जाणे, लोकांना ते कमीपणाचं वाटतं.

बोटांच्या चढउताराला कॉम्प्रेसरच. मग प्रश्न कोणता? एलए-२ए या कॉम्प्रेसरच्या धाटणीच्या ऑप्टिकल (प्रकाशाच्या आधारे चालणाऱ्या) कॉम्प्रेसरचा अटॅक, म्हणजे आवाज दाबायला लागणारा वेळ, साधारण १० मिलिसेकंदांचा, त्यामुळे तार सुटतानाचा ठोका निसटून पुढे जातो आणि मागचा गुंजारव सावरला जातो. ११७६ या दुसऱ्या कॉम्प्रेसरचा अटॅक सगळ्यात मंद ठेवला तरी १ मिलिसेकंदाच्या आतच, तो ठोक्यालाच धरतो. स्लॅप (तार फळीवर आपटून) वाजवलेल्या बासला ते उपयोगी, पण जॅझच्या चालत्या (दर मात्रेला एक स्वर घेणाऱ्या) बासला मी ऑप्टिकलच लावतो. खालच्या ई (E) स्वराच्या लहरीचं एक आवर्तन २४ मिलिसेकंदांचं असतं. अटॅक आणि रिलीज (दाब सोडायला लागणारा वेळ) दोन्ही फार जलद ठेवले तर कॉम्प्रेसर स्वराऐवजी लहरीच्याच मागे धावतो आणि तळाला घरघर येते. १२० च्या लयीत एका मात्रेला अर्धा सेकंद मिळतो, तेवढ्यात कॉम्प्रेसरचा काटा (आवाज किती दाबला ते दाखवणारा) बराचसा परत आला की पुरे.

ड्रम्स त्याच खोलीत वाजले असतील तर हात आणखी आखडता घ्या. दाबलेला आवाज भरून काढायला गेन वाढवला की दोन स्वरांच्या मधल्या फटीतून सिंबलही वर येतात. तिथे माझी मर्यादा २-३ डेसिबलची.

आधी कोण? कापणारा ईक्यू आधी, नाहीतर घुमणारा स्वरच कॉम्प्रेसरला नाचवतो. उठाव देणारा ईक्यू नंतर. फोनच्या स्पीकरवर बास ओळखू यावा म्हणून ७०० ते १००० हर्ट्झच्या भागाला जो हलका उठाव देतो, तोही नंतरच.

माइक आणि पिकअप (वाद्यालाच लावलेला, त्याची कंपनं टिपणारा सेन्सर) दोन्ही घेतले असतील, तर यातलं काहीही करण्याआधी ते जुळवा. तारेपासून ३४ सेंटिमीटरवरच्या माइकचा आवाज पिकअपपेक्षा सुमारे १ मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही एकत्र केले की ५०० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. हा खड्डा ईक्यूने भरत बसलेले लोक मी पाहिलेत, त्यांत मीही होतो. पिकअपची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) माइकच्या उलटी असेल तर तळच नाहीसा होतो. एक ट्रॅक किंचित सरकवून आणि पोलॅरिटीचं बटण दाबून बघा, अर्ध्या वेळा ईक्यूची गरजच उरत नाही.

गजाने वाजवलेल्या बासला मी कॉम्प्रेसर क्वचितच लावतो. तिथला चढउतार वादकाने मुद्दाम घेतलेला असतो. राळेची खरखर फारच टोचली तर २ ते ४ हजार हर्ट्झमध्ये थोडी उतरवतो, बाकी तसंच ठेवतो.