मुलुंडमधील दुहेरीचा बॅडमिंटन वर्ग: पाच महिन्यांनंतरचा अभिप्राय

मुलुंड पूर्वेला आठवड्यातून तीन संध्याकाळी भरणाऱ्या आणि प्रौढांना केवळ दुहेरी शिकवणाऱ्या एका बॅडमिंटन वर्गाला मी पाच महिने जात आहे. पुढे काही तक्रारीही मांडायच्या असल्याने वर्गाचे नाव देत नाही. येथील प्रशिक्षक राज्य पातळीपर्यंत खेळले, तेही कायम दुहेरीतच, आणि शिकवण्याच्या पद्धतीत ते पहिल्या दिवसापासून जाणवते.

यापूर्वी मी ज्या दोन ठिकाणी शिकलो, तेथे दुहेरी म्हणजे एकाच कोर्टवर चौघांना उभे करून खेळवणे एवढाच अर्थ होता. फटके एकेरीचे शिकवायचे आणि जोडीने कसे खेळायचे ते ज्याचे त्याने शोधायचे! येथे पहिले दोन आठवडे सरांनी स्मॅश, म्हणजे वरून खाली मारायचा जोरदार फटका, मारूच दिला नाही. शटल आपल्याकडे नसताना आपण कोठे असावे, एवढेच ते शिकवत होते. आक्रमण करताना एक पुढे आणि एक मागे, बचाव करताना दोघे शेजारी, हे पुस्तकातही सापडते. पण एका स्थितीतून दुसरीत जाताना मधल्या अर्ध्या क्षणात कोणी हलायचे, हे जोडीदाराकडे न पाहता कळावे लागते. त्यासाठी सर रॅलीच्या मध्येच ‘थांबा’ म्हणतात, चौघांनाही जागच्या जागी उभे करतात आणि कोणती जागा उघडी पडली ते आपल्याच तोंडून वदवून घेतात.

सर्व्हिसवर त्यांनी घेतलेली मेहनत तर पूर्ण शुल्काची भरपाई करणारी आहे. दुहेरीत कोर्ट 5.18 ऐवजी 6.1 मीटर रुंद होते, परंतु सर्व्हिसची मागची रेषा शेवटच्या रेषेपासून 76 सेंटिमीटर आत येते. त्यामुळे उंच सर्व्हिसला जागा कमी उरते, समोरचा खेळाडू जाळीजवळ दबा धरून उभा राहतो आणि सर्व्हिस किंचित वर गेली तरी गुण जातो. शटल 1.15 मीटरच्या खालीच मारले जावे, या नियमासाठी त्यांनी दोन स्टँडांमध्ये त्या उंचीवर चक्क दोरी बांधली आहे. पन्नास सर्व्हिस झाल्यावर मनगट कुरकुरते, पण माझी सर्व्हिस आता जाळीला घासून जाते.

दुहेरीतून आलेला माणूसच दुहेरी उत्तम शिकवतो, असे माझे मत होत चालले आहे, आणि मोठ्या पातळीवरही त्याला आधार सापडतो. डेन्मार्कचे डावखुरे माथियास बो यांनी कार्स्टन मोगेन्सन यांच्यासह 2011 आणि 2015 मध्ये ऑल इंग्लंड ही मानाची स्पर्धा जिंकली, 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवले आणि 2020 मध्ये निवृत्ती घेतली. त्यानंतर त्यांच्या मार्गदर्शनाखाली सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि आपला मुंबईकर चिराग शेट्टी यांनी थॉमस चषक या पुरुषांच्या सांघिक जागतिक स्पर्धेतील भारताच्या 2022 च्या विजयात मोलाचा वाटा उचलला आणि 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण पटकावले. जोरदार स्मॅश या जोडीकडे होताच. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पदक हुकले, तरी त्या काळात त्यांच्या खेळाला आलेले धोरण मला अधिक महत्त्वाचे वाटते. आमचे सर अर्थातच त्या पंक्तीतले नाहीत आणि तसा आवही आणत नाहीत.

आता उणिवा. एका कोर्टवर सहा जण ठरले असताना सोमवारी हमखास आठ येतात आणि मग निम्मा वेळ बाकावर जातो. सभागृहातील एक्झॉस्ट पंखा सुरू झाला की उत्तरेकडच्या बाजूने मारलेले शटल वाहत जाते. सर त्यालाही सराव म्हणतात, मला ते पटत नाही. पिसांच्या शटलचा खर्च मासिक शुल्कात धरलेला नाही, हे प्रवेशाच्या वेळी सांगितले जात नाही. शिवाय एकट्याने आल्यास जोडीदार दर वेळी बदलतो, आणि या वर्गाचा मूळ हेतूच जोडी जमवणे असल्याने ही अडचण मला सर्वांत मोठी वाटते. ठरलेला जोडीदार सोबत असेल, तरच येथे यावे.

मी माझ्या मेहुण्याला तयार केले आहे. पुढच्या तिमाहीचे शुल्क दोघांचे भरले असून, सोमवारऐवजी बुधवार आणि शुक्रवारच मागून घेतले आहेत.