ग्रंथालय कर्मचाऱ्यांची कार्यशाळा : सकाळ वाया, दुपार वसूल

मांडवीजवळच्या मराठी वाचनालयात मी देवघेव बघते. 'राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय सार्वजनिक वाचनालयांनी कसं वापरावं' यावर बडोद्यातल्याच एका संस्थेनं दिवसभराची कार्यशाळा ठेवली होती. (हे ग्रंथालय म्हणजे पुस्तकं, व्याख्यानं वगैरे शोधायची सरकारी वेबसाइट.) फुकट होती, सेव उसळही झकास. तरी जे वाटलं ते लिहिते.

सकाळ सगळी कॉलेजांसाठीच बेतलेली. आयआयटी खरगपूर हे चालवते, 2018 मध्ये देशाला अर्पण झालं, इंजिनिअरिंगची व्याख्यानं कुठे सापडतात... स्लाइडवर स्लाइड. आमच्याकडे येतात पेन्शनर काका, दिवाळी अंकांसाठी नंबर लावणाऱ्या मावश्या आणि पंख्याखालची खुर्ची धरून बसणारी स्पर्धा परीक्षेची मुलं. शेजारचे डभोईचे ग्रंथपाल पुटपुटले, "बेन, आ आपणा कामनुं नथी." 1911 मध्ये सयाजीराव महाराजांनी बोलावलेल्या बॉर्डन या अमेरिकन साहेबानं ग्रंथपालांचा वर्ग याच गावात सुरू केला, तेव्हा प्रोजेक्टर नव्हता ते बरंच.

जेवणानंतर शिकवणाऱ्या बाईंनी प्रोजेक्टर बंद केला आणि विचारलं, "वाचकानं मागितलं आणि तुम्हाला देता आलं नाही, असं काय?" मी सयाजी साहित्यमाला या बडोदा संस्थानाच्या ग्रंथमालेतल्या जुन्या पुस्तकांचं सांगितलं, आमचे एक आजोबा त्यासाठी मागेच लागलेत. बाईंनी तिथेच शोधायला घेतलं. आधी देवनागरीत, मग रोमनमध्ये दोन-तीन स्पेलिंगं बदलून, भाषेच्या चाळणीत मराठी निवडून. आणि एक फार कामाची गोष्ट सांगितली: तिथे मुख्यतः नोंद असते, पुस्तक बहुधा मूळ संस्थेच्या साइटवर उघडतं. म्हणून नोंदीतला 'ॲक्सेस'चा रकाना आधी वाचायचा. 'ओपन' असेल तरच वाचकाला हो म्हणायचं. 'सब्स्क्राइब्ड' म्हणजे वर्गणी भरणाऱ्यांसाठी. एवढं कळलं तरी काउंटरवरची निम्मी वादावादी वाचते.

कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय वेगळं, हे डिजिटल वेगळं, हेही हॉलमधल्या बऱ्याच जणांना तेव्हाच उमगलं. 1954च्या कायद्यानं प्रकाशकानं प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याला, चेन्नईच्या कॉनेमारा ग्रंथालयाला, दिल्ली पब्लिक लायब्ररीला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला द्यायची असते. म्हणजे छापील मराठी पुस्तकाचा माग काढायचा तर आपल्याला मुंबई जवळची. (मूळ कायद्यात दंड 50 रुपयांपर्यंत! सगळे प्रकाशक इमानेइतबारे पाठवत असतील, असं धरून चालू नका.)

खटकलं ते असं: टिपणं नुसती इंग्रजीत, तीही व्हॉट्सॲपवर. तीन-चार जणांत एक कॉम्प्युटर. आणि जुनं पुस्तक स्कॅन करून द्यावं का, हा प्रश्न चहाच्या वेळेवर ढकलला. निदान लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट असतो, आणि ती पुढच्या जानेवारीपासून मोजतात, एवढं तरी फळ्यावर लिहायचं.

पुढची बॅच लागली तर जा. मात्र न मिळालेल्या पुस्तकांच्या मागण्यांची वही सोबत न्या, आणि जमलं तर जेवणाच्या वेळेलाच पोचा.