रेसिंगमधून रिटायर केलेली फियाट ११०० डी कोकणात रोज चालवताना: पावसाळा धरून अनुभव

गाडी आमची फियाट ११०० डी, १९६० च्या दशकातली, प्रीमियरच्या कुर्ला कारखान्यात बनलेली. १०८९ सीसी, चार सिलिंडर, स्टिअरिंगला गिअर. बरीच वर्षं तिला धावपट्टीवर सरळ रेषेत टाइम काढायला पळवली, आता ते बंद केलंय आणि रेसचं सगळं उतरवून साधी रस्त्याची गाडी म्हणून गुहागरात वापरतोय. शृंगारतळीचा बाजार, चिपळूणची कामं, दाभोळच्या फेरीबोटीतून दापोली, सगळं हिच्यातूनच. एक कडक उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा काढून झाला म्हणून आता लिहितोय, त्याआधी लिहिण्यात अर्थ नव्हता कारण कोकणात गाडीची खरी परीक्षा जूनमध्ये सुरू होते.

मत आधीच सांगून टाकतो. समुद्राकाठी जुनी गाडी रेसमधून काढली की तिला कव्हर घालून मांगरात, म्हणजे घराजवळच्या गोठ्या-शेडमध्ये, उभी करू नका. चालवा, हळू चालवा, पण चालवा. मला जवळजवळ प्रत्येकाने उलटं सांगितलं होतं, आता जपून ठेव, सणासुदीला काढ, वगैरे. इथल्या हवेत उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते हे मी आता खात्रीने सांगू शकतो, कसं ते पुढे येईलच.

सरळ रेषेत टाइम काढायचा हा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. यात शेजारी कुणी पळत नाही, वळणं नाहीत, गाडी एकटी आणि समोर घड्याळ. ठरलेल्या अंतराच्या सुरुवातीला आणि शेवटी सेन्सर असतात, मधला वेळ मोजून सरासरी वेग काढतात, म्हणजे स्पीडोमीटरचा काटा क्षणभर कुठे टेकला याला काही किंमत नाही. जागतिक विक्रमाला तर एका तासाच्या आत उलट्या दिशेनेही पळावं लागतं आणि दोन्हींची सरासरी धरतात, वाऱ्याचा फायदा मिळू नये म्हणून. अमेरिकेत युटामधल्या बॉनेव्हिलच्या मिठाच्या सपाटीवर १९४९ पासून हौशी लोकांचा स्पीड वीक भरतो, तिथे जुन्या गाड्यांना आणि जुन्या इंजिनांना वेगळे क्लास आहेत. आपल्याकडे रेसिंग वाढलं ते धावपट्ट्यांवर, पूर्वी मद्रासजवळ शोलावरम, कलकत्त्याजवळ बराकपूर, आणि आता खासगी धावपट्टीवर पाव मैल किंवा अर्ध्या मैलाचे टाइम लावतात. माझी सगळी हौस या अर्ध्या मैलात झाली आणि मनापासून झाली.

थांबलो का, तर दोन कारणं. पहिलं हिशोबाचं. ही गाडी मूळ अवस्थेत सव्वाशेच्या आसपास जाते, चाळीसेक हॉर्सपॉवर आहे बस. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे १२० वरून १५० ला जायचं तर वेग सव्वापटच झाला पण ताकद जवळजवळ दुप्पट लागते. ती ताकद काढायची तर आरपीएम वाढवा, कॉम्प्रेशन वाढवा (सिलिंडरात मिश्रण जास्त दाबायचं), कॅम बदला (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), आणि हे सगळं साठ वर्षांच्या, तीन मेन बेअरिंगच्या क्रँकवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्यावर. शेवटी शेवटी प्रत्येक जास्तीच्या किलोमीटरसाठी इंजिनच्या आयुष्यातून काय जातंय ते मला दिसायला लागलं होतं. दुसरं कारण जास्त सरळ आहे, एका सीझनआधी पुढचे स्टब अ‍ॅक्सल (ज्यांवर पुढची चाकं फिरतात) डाय लावून तपासले तेव्हा एकावर केसाएवढी चीर दिसली. डोळ्यांना दिसत नव्हती, लाल डाय मारून पुसून वर पांढरी पावडर फवारली तेव्हा रेघ उमटली. अ‍ॅक्सल बदलला. पण चारही चाकांना ड्रम ब्रेक, पत्रा साठ वर्षांचा, आणि त्याच वयाचे किती पार्ट अजून तपासायचे राहिलेत, हे सगळं एकत्र धरलं आणि ठरवलं की गाडी धडधाकट आहे तोवरच थांबायचं. वाईट वाटलंच, अजूनही वाटतं, जानेवारीत थंड कोरडी हवा पडली की हात शिवशिवतात. कारण थंड हवा दाट असते, इंजिन जास्त खेचतं.

मग उतरवण्याचं काम. हे चढवण्यापेक्षा जास्त वेळखाऊ निघालं आणि आमच्या चिपळूणच्या मेस्त्रींनी ते फार जीव लावून केलं. दोन कार्बोरेटर काढून मूळचा एकच सोलेक्स कंपनीचा परत, कॅमशाफ्ट मूळचा, हेड गॅस्केट बदलून कॉम्प्रेशन खाली, कारण १०० ऑक्टेनचं पेट्रोल आमच्याकडच्या पंपावर मला मिळत नाही आणि साध्या पेट्रोलवर ते इंजिन घाटात नॉकिंग करून (पेट्रोल वेळेआधी पेटून ठोके मारून) पिस्टन खाईल. सरळ पाइप जाऊन सायलेन्सर आला, मागची सीट आली, दारांची अस्तरं आली. रेसला रेडिएटरचा पंखा काढलेला असायचा, तो फिरवायलाही ताकद जाते ना, आणि पुढची जाळी अर्धी बंद केलेली. अर्ध्या मैलाला पंखा लागतच नाही, इंजिन तापायच्या आत पट्टी संपते. कुंभार्ली घाट चढताना मात्र पंखा पाहिजेच पाहिजे. आम्ही पंखा तर लावलाच शिवाय रेडिएटर उघडून रॉडिंग करून, म्हणजे नळ्या आतून सळीने साफ करून घेतला, आणि एप्रिलच्या उन्हात पाटणकडे जाताना काटा मध्याच्या थोडा वर जाऊन थांबला. मला हे फार समाधानाचं वाटतं. रेसचे दोन मीटर मुद्दाम ठेवलेत, ऑइल प्रेशरचा आणि पाण्याच्या टेंपरेचरचा, ते काढायचं कुणी सुचवलं तर ऐकू नका.

चालवायला कशी वाटते? खालच्या आरपीएमला आता खरा जोर आहे. रेसचा कॅम असताना तीन हजारांच्या खाली गाडी कुरकुरायची, मोडकाआगरच्या वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये सुद्धा ओढायची नाही, आता तिसऱ्यात शांतपणे निघते. हायवेला सत्तर हा हिचा आवडता वेग. अ‍ॅव्हरेज बारा-तेराच्या आसपास मिळतं, घाट असेल तर कमी. कमानपाटे मागे, त्यामुळे रिकाम्या गाडीत खड्डा जाणवतो, चार माणसं बसली की मस्त. ब्रेकबद्दल मात्र स्पष्ट बोलतो, उतारावर ड्रम तापले की पेडल लांब जातं आणि मग ब्रेक विरतात, म्हणून कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक थोडा थोडा दाबा आणि सोडा, सतत पाय ठेवून बसू नका. धावपट्टीच्या शेवटी गाडी थांबवायची सवय इथे कामाला आली कारण तिथेही आधी इंजिनवर वेग तोडायचा आणि मगच ब्रेक.

आता पावसाळा, कारण खरा अनुभव हाच. किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि चार महिने हवाच ओली असते, त्यात समुद्राची खार. गंज वरून दिसतो तो नव्हे, आतून येतो: दाराच्या तळाशी, दाराखालच्या सिलच्या पोकळीत, पुढच्या खिडकीच्या काचेच्या रबराखाली, मागच्या पाट्याच्या हँगरपाशी. आगोटीलाच, म्हणजे पावसाच्या तोंडावर, आम्ही दारांच्या तळाची पाणी जायची भोकं तारेने मोकळी केली, पोकळ्यांमध्ये मेणाचं अँटीरस्ट फवारलं, चाकांच्या वरच्या कमानींना जाड कोटिंग दिलं. डांबरासारखा थर सगळीकडे थापू नका, त्याला एकदा तडा गेला की आत पाणी धरून ठेवतो आणि वर काही दिसत नाही. आणि प्लास्टिकचं कव्हर तर नकोच. आमच्या वाडीत एकाची जुनी जीप होती, ताडपत्री घालून दोन पावसाळे ठेवली, उघडली तेव्हा फ्लोअरला पाय लावला की पत्रा खाली पडत होता. माझी गाडी पडवीच्या बाजूला उघड्या शेडमध्ये असते, पागोळ्या अंगावर पडत नाहीत पण वारा आरपार जातो.

चालवण्याचा मुद्दा इथे येतो. गाडी आठवड्यातून दोनदा तरी अर्धा-पाऊण तास नीट गरम होईल इतकी फिरवली की सायलेन्सरमधलं पाणी वाफ होऊन जातं, ऑइलमधला ओलावा जातो, ब्रेकचे ड्रम घासून स्वच्छ राहतात, व्हील सिलिंडरचे पिस्टन हलत राहतात, बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो फिरतो, स्पार्क देणाऱ्या पॉइंटवर बुरशीसारखा थर धरत नाही. नुसती जागेवर पाच मिनिटं चालू करून बंद करणं सगळ्यात वाईट, त्यात पाणी तयार होतं आणि आतच राहतं. श्रावणात घरी लग्नाच्या गडबडीत तीनेक आठवडे गाडी हलली नाही तर मागचा डावा ब्रेक चिकटला, ड्रम हातोडीने ठोकून सोडवावा लागला आणि सेल्फ मारल्यावर पॉइंट घासेपर्यंत स्पार्क आला नाही. तेवढे आठवडे सोडले तर अख्ख्या पावसाळ्यात ती एकदाही रस्त्यात थांबली नाही. उंदरांचा त्रासही चालत्या गाडीला कमी.

पेट्रोल हा दुसरा मोठा विषय. आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि कोकणात पावसाळ्यात ओढायला पाणी काही कमी नाही, जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात आणि टाकी आतून गंजते. जुने रबर पाइप, पंपाचा डायफ्रॅम, कार्बोरेटरमधलं रबर याला ते चालत नाही, फुगतं नाहीतर भेगा पडतात. आम्ही सगळे पाइप इथेनॉल चालणारे घातले, कार्बोरेटरचा मेन जेट किंचित मोठा केला कारण इथेनॉलवर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि पारदर्शक फिल्टर बसवला ज्यात खाली पाणी दिसतं. पावसाळ्यात टाकी जास्तीत जास्त भरलेली ठेवतो, आत हवेला जागाच नको. पण भरलेलं पेट्रोल महिनोन्‌महिने साठवूनही चालत नाही, म्हणजे परत तेच, गाडी फिरती पाहिजे.

फेरीबोटीचं वेगळं सांगायला हवं. धोपावे आणि दाभोळ दोन्हीकडे उताराच्या रॅम्पवरून गाडी बोटीत जाते, भरतीला रॅम्प ओला असतो आणि खालून खारं पाणी उडतं. बॉनेव्हिलवाले मिठावरून परत आल्याबरोबर गाडी खालून गोड्या पाण्याने तासन्‌तास धुतात, नाहीतर एका आठवड्याचं मीठ वर्षभर पत्रा खात बसतं, मीही तसंच करतो. दापोलीहून परतलो की त्याच संध्याकाळी वाडीतल्या विहिरीचा पंप लावून खालून धुवून काढायची, मगच गाडी शेडमध्ये. शिंपण्याच्या पाइपला बाग भिजवायचा फवारा उलटा बांधलाय, त्याने चाकाच्या कमानी चांगल्या निघतात.

गुहागरात राहून ही गाडी असली की हमखास विचारतात, एवढा लांब सरळ किनारा आहे तर वाळूवर का नाही पळवत. मला हा प्रश्न रागाचा वाटत नाही, कारण वाळूवर विक्रम झालेत हे खरंच आहे. वेल्समधल्या पेंडाइनच्या किनाऱ्यावर माल्कम कॅम्पबेलने १९२४ ला ताशी २३५ किलोमीटरचा वेग काढला. पॅरी-थॉमसने १९२६ ला तिथेच ‘बॅब्ज’ नावाच्या गाडीतून २७५ च्या आसपास काढला, त्यात २७ लिटरचं विमानाचं इंजिन होतं, आणि पुढच्या मार्चमध्ये त्याच किनाऱ्यावर, त्याच गाडीत तो अपघातात गेला. लोकांनी ती गाडी तिथेच वाळूत पुरली. १९६९ मध्ये ओवेन विन ओवेन या शिक्षकाने ती उकरून काढली आणि वर्षानुवर्षं खपून परत चालती केली. खाऱ्या वाळूत चार दशकं राहिलेल्या पत्र्याचं काय झालं होतं त्याचे फोटो मी पुन्हापुन्हा बघितलेत, माझ्या दाराच्या तळाशी जे होतंय तेच, फक्त शेवटाला पोचलेलं. आणि आपल्या किनाऱ्याचं म्हणाल तर इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे बरोबर जेव्हा हवा कोरडी आणि गाडी पळवायला मोह होतो तेव्हाच. चाक गेलं की घरटं दबतं, पिल्लं चाकोरीत अडकतात. मी वाळूवर गाडी नेलेली नाही आणि नेणार नाही, दुसऱ्यानेही नेऊ नये असं मला कळकळीने वाटतं.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ नंबर घेता येतो, नवीन नोंदणीला २० हजार, दहा वर्षं चालते. ज्यांची गाडी फक्त रॅली, प्रदर्शनाला जाते त्यांना ठीक, पण त्या नंबरवर रोजच्या वापराला गाडी रस्त्यावर आणता येत नाही. मला बाजारात जायचंय, त्यामुळे जुनाच नंबर ठेवून पाच वर्षांचं रिन्यूअल केलं, फिटनेस आणि ग्रीन टॅक्ससकट. रेसचे बदल उतरवले नसते तर फिटनेसला गेलोच नसतो.

स्पेअरची चिंता खरी आहे. बहुतेक मेकॅनिकल पार्ट पुढच्या प्रीमियर पद्मिनीशी जुळतात, म्हणून मुंबईच्या टॅक्स्यांवर आपल्यासारख्यांचं भागायचं. ऑक्टोबर २०२३ ला शेवटच्या पद्मिनी टॅक्स्या रस्त्यावरून गेल्या आणि तेव्हापासून कुर्ल्याच्या दुकानांत माल पातळ होत चाललाय. किंगपिन, व्हील सिलिंडरचे किट, वॉटर पंप, हे दिसले की घेऊन ठेवा, ग्रीस लावून पिशवीत बांधून. रेसचा कॅम आणि दोन कार्बोरेटर मी विकलेले नाहीत, ऑइलमध्ये भिजवलेल्या कापडात गुंडाळून पेटीत ठेवलेत, विकायचा विचारही नाही.

सध्या दोन कामं बाकी आहेत. वायपर मुसळधार पावसात पुरत नाही, मोटर रिवाइंड करून घेतली तरी वेग तोच, पुढच्या मृगाच्या आधी दोन स्पीडची मोटर बसवायचीय. आणि डायनॅमो काढून अल्टरनेटर (बॅटरी जास्त जोरात चार्ज करणारा नंतरचा प्रकार) घालावा का यावर मेस्त्री आणि माझं अजून जमलेलं नाही, त्यांना रात्रीच्या पावसात लाइट पूर्ण पाहिजे आणि मला बॉनेट उघडल्यावर मूळ इंजिन दिसायला पाहिजे. ज्यांनी ११०० किंवा पद्मिनीला अल्टरनेटर लावलाय आणि एक तरी पावसाळा किनाऱ्यावर काढलाय त्यांनी ब्रॅकेट कसा केला ते जरूर सांगा.